बटणांच्या कीबोर्डचा स्मार्टफोन: उज्जैनच्या व्यावसायिकाने काय पाहून घ्यावा

अक्षरांची खरी बटणे असलेला स्मार्टफोन आज सॅमसंग, ॲपल, शाओमी किंवा विवो यांपैकी कोणीही बनवत नाही. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या दुकानात असा फोन मागितला, तर दुकानदार बहुधा साधा कीपॅडचा फोन पुढे करतो, नाही तर कुठून तरी जुना ब्लॅकबेरी मागवून देण्याची तयारी दाखवतो. पैसे बुडण्याचा धोका सर्वांत जास्त आहे तो या जुन्या ब्लॅकबेरीत. म्हणून निवडीची सुरुवात तिथूनच केलेली बरी.

ब्लॅकबेरी या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातींची यंत्रे विकली गेली. बोल्ड, कर्व्ह, क्यू१०, क्लासिक आणि पासपोर्ट हे फोन कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीवर चालत. त्या प्रणालींमागची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ रोजी बंद केली. तेव्हापासून या फोनवर इंटरनेट, एसएमएस, एवढेच काय साधा कॉलही भरवशाचा राहिलेला नाही. व्हॉट्सॲपने तर त्यांची साथ २०१७ च्या अखेरीसच सोडली होती. दुसरी जात अँड्रॉइडवरची: २०१५ चा प्रिव्ह, २०१७ चा कीवन, २०१८ चा की२ आणि की२ एलई. यांना गूगलचा आधार असल्यामुळे २०२२ ची ती टाळेबंदी यांना लागली नाही. विकणारा मात्र दोन्ही जाती एकाच टेबलावर मांडतो आणि पडदा उजळला की ‘चालू आहे’ म्हणून मोकळा होतो. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती दिसत नसेल, तर तो फोन आठवण म्हणून ठेवण्याच्या लायकीचा आहे, व्यवसायाच्या नाही. एकेकाळी कार्यालयांत मिरवणारा नोकिया ई७१ याच खात्यात जमा होतो.

अँड्रॉइडवाल्या ब्लॅकबेरीतही सगळे आलबेल नाही. बहुतेक देशांसाठी कीवनपासूनचे हे फोन टीसीएल ही कंपनी बनवत होती. भारताचा परवाना ऑप्टिमस इन्फ्राकॉमकडे होता. कीवन भारतात ३९,९९० रुपयांना आणि की२ ४२,९९० रुपयांना आला. टीसीएलने ३१ ऑगस्ट २०२० पासून विक्री थांबवली आणि विकलेल्या फोनना आणखी दोन वर्षे पाठबळ देण्याचे सांगितले. ती दोन वर्षेही सरून गेली. की२ ला अँड्रॉइड ८.१ च्या पुढची आवृत्ती अधिकृतपणे कधीच मिळाली नाही. आता अडचण नेमकी इथे येते: गूगलचा क्रोम ब्राउझर १३९ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती मागतो. म्हणजे की२ वर क्रोम १३८ वर येऊन थांबला, आणि त्यानंतर ब्राउझरमध्ये सापडलेली सुरक्षेची भोके त्या फोनवर उघडीच राहणार. नेट बँकिंग, जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल ही कामे अशा ब्राउझरमधून करणे शहाणपणाचे नाही. की२ चा कीबोर्ड आजवरच्या उत्तम कीबोर्डांपैकी एक आहे यात वाद नाही, पण त्याला आता फक्त लिहिण्या-वाचण्याचा दुसरा फोन म्हणूनच ठेवावे.

नव्याने बनणाऱ्या फोनमध्ये नाव घ्यावे असे मुख्यतः शांघायच्या युनिहर्ट्झ या कंपनीचे. तिचा टायटन २०१९ मध्ये, टायटन पॉकेट २०२१ मध्ये, टायटन स्लिम २०२२ मध्ये आणि टायटन २ हा २०२५ मध्ये आला. चारही फोनमध्ये पडद्याखाली अक्षरांच्या तीन ओळी असतात. पहिला टायटन ६,००० एमएएच बॅटरीचा, धूळ-पाण्याला दाद न देणारा आणि ३०३ ग्रॅम वजनाचा आहे. सदऱ्याच्या खिशात ठेवला तर खिसा ओघळतो. या कंपनीची खोड अशी की फोन विकल्यानंतर अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या देण्यात ती हात आखडता घेते. टायटनला अँड्रॉइड ९ वरून १० पर्यंतच नेले गेले. म्हणून या कंपनीचा फोन घेताना तो ज्या आवृत्तीवर आला, त्याच आवृत्तीवर तो संपणार असे धरून हिशेब मांडावा. टायटन २ अँड्रॉइड १५ वर आला आणि त्यात ५जी आहे. या हिशेबात तो पुढची काही वर्षे बसतो. टायटन पॉकेटचे अँड्रॉइड ११ मात्र आताच काठावर आहे.

या दोघांखेरीज सरकत्या कीबोर्डचे एफएक्सटेक आणि घडीच्या पाकिटासारखे उघडणारे प्लॅनेट कॉम्प्युटर्सचे फोनही निघाले. त्यांची दुरुस्ती उज्जैनमध्येच काय, इंदूरच्या जेल रोडवरही व्हायची नाही. ते छंदिष्टांसाठी सोडून द्यावेत.

यंत्र ठरवण्याआधी सिम कोणते आहे ते पाहावे, कारण परदेशातून आलेल्या फोनचे घोडे इथेच पेंड खाते. जिओचे नेटवर्क ४जी आणि ५जी एवढ्यावरच चालते. त्याला खालचा २जीचा आधारच नाही. फोनवर व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची सोय, चालले नाही, तर जिओच्या सिमवरून कॉल लागतच नाही. एअरटेल आणि व्हीआयच्या सिमवर तो २जीवर उतरून लागेल, पण बोलणे चालू असेपर्यंत इंटरनेट थांबेल, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याची ऑर्डर उघडून पाहणे जमणार नाही. जिओच्या ४जीसाठी बँड ३, ५ आणि ४० हवेत. एअरटेलसाठी १, ३, ८ आणि ४० पाहावेत. बीएसएनएलच्या नव्या ४जीसाठी बँड २८ ला महत्त्व आहे. नागदा, महिदपूर, तराना या बाजूच्या गावांत फिरणाऱ्या आडत्याकडे किंवा विमा प्रतिनिधीकडे ते सिम असते. ५जीसाठी एन७८ हा बँड असणे आवश्यक. अमेरिकेसाठी बनवलेल्या आवृत्तीत बँड ४० असेलच असे नाही, म्हणून ‘४जी आहे’ या शब्दावर न जाता त्या विशिष्ट आवृत्तीचा बँडतक्ता मागावा. बँड जुळूनही व्हीओएलटीई चालेल याची खात्री नसते, कारण ते कोणत्या फोनवर चालू करायचे हे सिमची कंपनी तिच्या बाजूनेही ठरवते. शक्य असेल तिथे आपले सिम त्या फोनमध्ये घालून एक कॉल लावून पाहावा.

त्यानंतर पैशांचे व्यवहार. पटनी बाजारातला सराफ असो वा भैरवगडचा बाटिक छापणारा, निम्मी वसुली आता यूपीआयवर होते. यूपीआयचे ॲप चालू करताना फोन स्वतः एक एसएमएस पाठवून सिम आणि यंत्र यांची गाठ बांधतो. त्यामुळे बँकेला जोडलेले सिम ज्या फोनमध्ये, यूपीआयही त्याच फोनमध्ये. कीबोर्डचा फोन दुसरा म्हणून घ्यायचा, तर बँकेचे सिम नेहमीच्या फोनमध्येच राहू द्यावे. जुना फोन ‘नव्या अँड्रॉइडवर आणून देतो’ असे सांगणारे कारागीर इंदूर-मुंबईला भेटतात. अशा बदललेल्या प्रणालीवर बँकांची ॲप पुष्कळदा उघडतच नाहीत, आणि उघडली तरी त्या फोनवर पैसे ठेवण्यात अर्थ नाही.

पडद्याच्या आकाराचाही यूपीआयशी संबंध आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पिन टाकण्याचे पान स्वतःचा आकड्यांचा पट पडद्यावर काढते. खाली खरी बटणे असली तरी तो पट टळत नाही. उंच पडद्यावर तो सहज मावतो. टायटनच्या चौकोनी किंवा की२ च्या साडेचार इंची पडद्यावर तो निम्मी जागा खातो आणि रक्कम, नाव, पुढे जाण्याचे बटण यांपैकी काही तरी वर सरकून दिसेनासे होते. कोणाला किती पैसे जात आहेत हे न दिसता पिन दाबावा लागेल असा फोन गल्ल्यावर ठेवू नये.

मराठी वाचकासाठी सर्वांत कळीचा मुद्दा देवनागरीचा. शिंद्यांच्या राजवटीपासून उज्जैनमध्ये राहिलेल्या मराठी घरांत व्यवहाराच्या भाषा सरळ वाटल्या गेल्या आहेत: घरी मराठी, बाजारात हिंदी आणि माळवी, कर-कायद्याच्या कागदावर इंग्रजी. या फोनची बटणे मात्र रोमन अक्षरांची असतात, आणि देवनागरी त्यांच्यावर बसवताना खरी कसरत होते.

संगणकावर देवनागरी लिहिणाऱ्यांपैकी अनेकांच्या बोटांत इनस्क्रिप्ट असते. भारत सरकारने प्रमाण ठरवलेला हा कीबोर्ड; मध्य प्रदेशातल्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन असे दोन पर्याय असतात. इनस्क्रिप्टमध्ये अक्षरे फक्त रोमन सव्वीस बटणांवर मावत नाहीत. ती बाजूच्या चिन्हांच्या बटणांवरही पसरतात. अर्धविरामाच्या बटणावर च आणि छ, अवतरणचिन्हाच्या बटणावर ट आणि ठ, चौकोनी कंसाच्या बटणावर ड आणि ढ, तिरप्या रेघेच्या बटणावर य. फोनच्या तीन ओळींच्या कीबोर्डवर ही बटणे वेगळी नसतातच. ती चिन्हे ऑल्ट दाबून मिळतात. परिणाम गमतीचा होतो. ‘उज्जैन’ सबंध लिहिता येते, ‘दौलतगंज’ही येते, ‘महाकाळ’मधला ळ शिफ्ट दाबून एनच्या बटणावर सापडतो. पण चालान, चेक, ट्रक, डिलिव्हरी, यादी, रुपये या व्यापाऱ्याच्या रोजच्या शब्दांत प्रत्येक वेळी बोट अडते. रेमिंग्टनची सवय असेल तर हाल याहून वाईट, कारण त्या पद्धतीत अक्षरे आकड्यांच्या ओळीवरही असतात आणि ही ओळच फोनवर नसते.

दुसरी वाट उच्चारानुसार रोमनमध्ये लिहून देवनागरी मिळवण्याची. पडद्यावरच्या कीबोर्डवर ही सोय उत्तम चालते. तीच सोय खऱ्या बटणांवरून लिहिताना मिळेल असे गृहीत धरू नये. पुष्कळ कीबोर्ड ॲप बाहेरच्या बटणांवरून आलेले अक्षर जसेच्या तसे रोमन ठेवतात. म्हणून खरेदीपूर्वी त्या फोनवर एक परीक्षा घ्यावी. ‘दुसऱ्या व्यापाऱ्याकडून क्षिप्रेकाठी ज्ञानेश्वरीच्या वीस प्रती मिळाल्या’ असे एखादे वाक्य खऱ्या बटणांनी लिहून पाहावे. त्यात ऱ, क्ष, ज्ञ, ळ ही मराठीला लागणारी अवघड अक्षरे येतात. हिंदीपुरती केलेली सोय ‘दुसऱ्या’ या शब्दावर हमखास अडखळते. हे वाक्य मिनिटभरात बिनचूक उतरले नाही, तर त्या फोनवर मराठी पत्रव्यवहाराची आशा सोडावी. मग तो फोन उरतो इंग्रजी मेलसाठी आणि रोमन लिपीतल्या हिंदी-मराठी संदेशांसाठी. ज्याचे काम तेवढेच आहे, त्याला तोही पुष्कळ उपयोगी.

देवनागरीची परीक्षा पार पडली की मग बटणांकडे वळावे. चांगल्या बटणाची खूण अशी की अंगठ्याला ते न पाहता सापडते: मधोमध किंचित उंचवटा, दोन ओळींमध्ये धातूची पट्टी किंवा मोकळी जागा, दाबल्यावर स्पष्ट टिचकी. की२ ची बटणे कीवनपेक्षा उंच आहेत आणि जाड अंगठ्याला हा फरक लगेच जाणवतो. जुन्या फोनमध्ये ‘ए’, ‘ई’, स्पेस आणि डिलीट ही बटणे आधी झिजतात, म्हणून तीच प्रत्येकी दहा-वीस वेळा दाबून पाहावीत. एका दाबात दोन अक्षरे उमटली तर कीबोर्ड बदलावा लागणार आणि सुटा भाग मिळणे दुरापास्त. अक्षरांच्या बटणांना ॲप किंवा क्रमांक नेमून देता येतात ही सोय ब्लॅकबेरीत फार चांगली होती. कीवनमध्ये थोडे दाबणे आणि दाबून धरणे मिळून बावन्न नेमणुका करता येत.

आकड्यांचे काय, हा प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. ब्लॅकबेरीच्या रचनेत १, २, ३ हे आकडे डब्ल्यू, ई, आर वर, ४, ५, ६ हे एस, डी, एफ वर आणि ७, ८, ९ हे झेड, एक्स, सी वर असतात, आणि प्रत्येक वेळी ऑल्ट दाबावे लागते. चिमणगंज मंडीत सोयाबीनचे भाव, वजने आणि गाडीचे क्रमांक दिवसभर पाठवणाऱ्याच्या मजकुरात अक्षरांपेक्षा आकडेच जास्त असतात. त्याच्यासाठी पडद्यावरचा मोठा अंकपट या बटणांपेक्षा जलद ठरतो. लांब मजकूर लिहिणाऱ्या वकिलाचा, कर सल्लागाराचा किंवा परदेशी प्रवाशांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या हॉटेल व्यवस्थापकाचा हिशेब याच्या अगदी उलटा.

धूळ आणि ऊन यांना उज्जैनमध्ये विसरून चालत नाही. मंडीतला भुसा, कुंकू-गुलालाच्या दुकानातली पूड, सावन महिन्यातल्या सरी यांना बटणांच्या फटी म्हणजे उघडे दारच. की२ ला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे प्रमाणपत्र नाही. पहिल्या टायटनला आयपी६७ आहे. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा तापलेल्या गाडीत फोन चार्ज करू नये. लिथियमची बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या आसपास चार्जिंग नाकारते किंवा लवकर म्हातारी होते. २०१८ च्या फोनमधली मूळ बॅटरी तर आधीच थकलेली असते, तेव्हा तिच्या बदलीचा खर्च किमतीत धरावा.

सुरक्षेची आणखी एक स्थानिक बाजू आहे. महाकालेश्वर मंदिरात डिसेंबर २०२२ मध्ये मोबाइल नेण्यास मनाई करण्यात आली, आणि मनाई लागू असेल तेव्हा तो बाहेर जमा करावा लागतो. पाहुण्यांना दर्शनाला घेऊन जाणाऱ्या व्यवस्थापकाचा फोन त्यामुळे वारंवार दुसऱ्याच्या ताब्यात असतो. चार आकड्यांऐवजी लांब पासवर्ड ठेवणे खऱ्या कीबोर्डवर सोपे जाते, हा या फोनचा दुर्लक्षित पण खरा फायदा. बंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसू न देणे आणि हरवलेला फोन दुरून पुसून टाकण्याची सोय आधीच चालू ठेवणे या गोष्टी कोणत्याही फोनला लागू.

खरेदीचा काळही पाहावा. उज्जैनचा सिंहस्थ कुंभमेळा २०२८ च्या उन्हाळ्यात आहे. त्या वर्षी उज्जैनमधल्या हॉटेल, धर्मशाळा, टॅक्सी आणि पूजासाहित्याच्या धंद्यावर सर्वांत मोठा ताण येणार, आणि नेमका तेव्हाच फोन बाद झाला तर नुकसान मोठे. आज घेतलेला फोन त्या उन्हाळ्यापर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळवत राहील का, हा प्रश्न कॅमेरा किंवा रॅमच्या आकड्यांच्या आधी विचारावा. बटणांच्या फोनपैकी या प्रश्नाचे ठाम उत्तर देणारे फारच थोडे आहेत.

म्हणूनच बहुतेकांसाठी खरा व्यवहार्य मार्ग निराळा आहे: नेहमीचा, दीर्घकाळ सुधारणा मिळणारा फोन आणि त्याला जोडायचा सुटा कीबोर्ड. क्लिक्स नावाचा कीबोर्ड २०२४ मध्ये आयफोनसाठी आला; फोन त्यात कव्हरसारखा बसतो, पुढे काही अँड्रॉइड फोनसाठीही तो निघाला. त्याने फोन चांगलाच लांब होतो आणि तोल खाली झुकतो, पण अँड्रॉइड किंवा आयफोन नवा राहतो, बँकेची ॲप चालतात आणि नको तेव्हा कीबोर्ड काढून ठेवता येतो. मात्र तो त्या त्या मॉडेलपुरताच असतो. फोन बदलला की तोही बदलावा लागतो. त्याहून स्वस्त आणि टिकाऊ म्हणजे ब्लूटूथचा घडीचा कीबोर्ड. त्यात अर्धविराम, अवतरणचिन्ह, कंस, तिरप्या रेघेची बटणे वेगळी असतील असा नमुना निवडला तर इनस्क्रिप्टचे च, ट, ड, य सगळे जागेवर येतात. अर्थात फोनमध्ये मराठीची मांडणी मिळायला हवी. ती प्रणालीच्या यादीत नसेल तर वेगळे ॲप लागते. ऑफिसात बसून लिहिणाऱ्याला हा जोड सर्वांत सोयीचा. उभ्याने, काउंटरवर तो कामाचा नाही. तिथे मराठीत बोलून लिहिण्याची सोय उपयोगी पडते. गूगलने ती मराठीसाठी २०१७ मध्ये आणली. गोपाळ मंदिराजवळच्या गर्दीत ती चुका करते, बंद खोलीत ठीक चालते.

तरीही बटणांचाच फोन घ्यायचे ठरले, तर खरेदी कागदोपत्री करावी. जुन्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आयएमईआय क्रमांक काढावा, तो डब्यावरच्या क्रमांकाशी ताडावा, आणि केवायएम लिहून पुढे तो पंधरा आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोन चोरीचा म्हणून रोखलेला किंवा बनावट क्रमांकाचा असेल तर उत्तरात कळते. परदेशातून मागवताना छापील किमतीवर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियरचे शुल्क चढते, हमीसाठी फोन परत पाठवण्याचा खर्चही ग्राहकाचाच. अलीएक्सप्रेससारखे जुने मार्ग नोव्हेंबर २०२० च्या बंदीनंतर भारतातून बंद आहेत. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने देशातल्या विक्रेत्याकडून स्वतःच्या नोंदणी क्रमांकाचे बिल घेतले तर मोबाइलवरचा १८ टक्के कर क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो. स्वतःच्या नावाने, वैयक्तिक पार्सल म्हणून सोडवलेल्या फोनच्या आयातपत्रावर तो क्रमांक नसतो आणि क्रेडिट हातचे जाते. त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वीच कर सल्लागाराला विचारून पार्सल कोणत्या नावावर येणार हे ठरवून घ्यावे.